दुःखी माता लिगायाच्याच हाती

मी, पुरिफिकासिओन दिमायुगा, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, राहणार सान बार्तोलो, प्रांत बातांगास, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्तदाब वाढलेला आहे, पण तो पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शाळेमुळे. डोके ठिकाणावर आहे.

१. घर आणि शिवणयंत्र माझ्या भावाची मुलगी लिगाया हिला द्यावे.

२. आमच्या घराण्याची, क्रुसाखाली रडणाऱ्या दुःखी मातेची मूर्ती, वस्त्रे व रथासह, तिलाच. गुड फ्रायडेला मूर्ती सजवून मिरवणुकीत तिच्यामागे चालण्याचा मानही तिचाच. फादर म्हणाले, "असल्या बाईने सजवलेली मूर्ती मिरवणुकीत नको." मूर्तीच्या डोक्यावरचे केस लिगायाचेच आहेत, सोळाव्या वर्षी नवस फेडताना दिलेले. "मग ते उपटून टाकू का?" मी विचारले. फादरांनी आणखी कॉफी मागितली.

३. लग्नाआधी दिवस गेले म्हणून लिगायाला शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीवरून काढले, त्या कागदावर शाळा समितीची सदस्य म्हणून माझी सही आहे. मुलाचा बाप त्याच शाळेत कवायत शिकवतो. त्याला नुसती समज दिली. लिगाया मला म्हणाली, "तीता, पाप दोघांचं, आणि पोट तेवढं माझं दिसलं होय तुम्हाला?" तीता, म्हणजे आत्या, म्हणवून घ्यायची मला लाज वाटली, अजून वाटते.

लिगाया न्यायालयात गेली. शाळा म्हणाली, धर्मस्वातंत्र्य. न्यायालय म्हणाले, धर्म खुशाल शिकवा, पण बाईला एक नियम आणि पुरुषाला दुसरा चालणार नाही. मला दोन्ही पटते, म्हणून तर जीव जास्त जळतो. श्रद्धा कशी पाळावी हे सरकारने सांगू नये. पण आमच्या श्रद्धेचा काच बायकांनाच का? निकालानंतर शाळेने लिगायाला परत घेतले आणि ग्रंथालयात धूळ झटकायला बसवले. वर्ग दिला नाही. कायदा पाळला, म्हणे!

४. मूर्ती चर्चला "तात्पुरती" देऊ नये. आमचे चांदीचे शमादान वीस वर्षे तात्पुरतेच गेले आहे. लिगायाला मनाई झाली तर मूर्ती आमच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून ठेवावी. मिरवणूक याच गल्लीतून जाते. हात कुठे जोडायचे ते लोकांना कळते.

सान बार्तोलो, १२ मार्च २०२४
(सही) पुरिफिकासिओन दिमायुगा

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी फादरांचा स्वभाव ओळखून तिघांना बोलावले.

१. (सही) बेनिग्नो माकालिंताल, शिंपी
२. (सही) तेओडोरा इलागान, शेजारीण
३. ही त्याच शाळेत शिकवते. पेन हातात घेतले, मग खाली ठेवून पोटावर हात ठेवला. म्हणाली, "तीता, माझंही लग्न अजून व्हायचंय." मी पुढे काही विचारले नाही. तिचे नाव इथे लिहीत नाही. समिती विचारायला येईल तेव्हा मी मेलेली असेन, तेवढे एक बरे आहे.