पडवीतली चूल

चाफेवाडी, ४ जानेवारी १९७६

ती. तानाआक्कास, आकारामचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

राजारामपुरीत सगळी खुशाल असाल. हिकडं विहिरीसाठी सरकारी अनुदान आलंय, पण पाच एकरांच्या आतल्यालाच मिळतंय. आपली सात एकर माझ्या एकट्याच्या नावावर. तलाठी म्हणाले, गुंडूला निम्मी वाटणी दाखवा, मग नियमात बसताय. निव्वळ कागदावर की! तुझी संमतीची सही लागती, कागद सोबत धाडलाय.

चुली वेगळ्या हायत का, ते बघाय सायब येणार. म्हणून पडवीत दुसरी चूल घातली. गुंडूच्या बायकूनं, शालूनं, हसत हसत तिच्यावर झुणका केला, आणि आम्ही दोघा भावांनी एकाच ताटात खाल्ला.

हाय तशी माया ठेव.
तुझा आकाराम

राजारामपुरी, १२ जानेवारी १९७६

चि. आकाराम यास अनेक आशीर्वाद.

सही करून कागद परत पाठवते. गुंडूला सांग, आता तू जमीनदार झालास, भाऊबीजेला आक्काला इरकली लुगडं पाहिजे.

पण एक विचारते. आई कुठल्या चुलीवर जेवते म्हणून लिहून दिलंस? काम झालं की पडवीतली चूल त्याच दिवशी मोड.

दोघांना जपून राहा म्हणणारी,
आक्का

चाफेवाडी, २० नोव्हेंबर १९७६

ती. आक्कास नमस्कार वि. वि.

पस्तीस फुटांवर पाणी लागलं. पण पाणाड्यानं दाखवलेली जागा गुंडूच्या तुकड्यात, म्हणून अनुदान त्याच्या नावानं आलं. इंजिनबी त्यानं आपल्याच नावानं घेतलं. चूल मोडूया म्हटलं, तर मला म्हणाला, सायबापुढं वेगळं हाय म्हणून सही केलीस, मग ती सही खोटी व्हती काय?

आता पडवीला कूड घातलाय. त्याचा ऊस भिजल्यावर माझ्या उसाला पाणी. आई सकाळी हिकडं अर्धी भाकरी खाती, सांजला तिकडं अर्धी. तूच त्याला दोन शब्द लिही.

आकाराम

चाफेवाडी, ५ डिसेंबर १९७६

ती. आक्कास, गुंडूचा साष्टांग नमस्कार.

तुझं रागाचं पत्र पोचलं. दादानं माझं वाईट केलं, असं मी म्हणत न्हाय. पण वीस वर्सं त्याच रानात राबलो, आणि बैलाला म्होरकीची दोरी घ्यायची तरी दादाला विचारावं लागायचं. तलाठ्यानं सात-बारा हातात दिला, त्यावर माझं नाव व्हतं. घरी येऊन शालूला चारदा वाचून दाखवलं. निव्वळ कागदावरचं हाय म्हणून दादा हसला. मला हसू आलं न्हाय.

ते नाव पुसायला तू मला सांगू नगंस. बाकी काय बी सांग.

तुझा धाकटा,
गुंडू

राजारामपुरी, २ मार्च १९७७

चि. आकाराम आणि चि. गुंडू यांस आशीर्वाद.

हे एकच पत्र दोघांनी वाचावं. आई काल दुपारी एकटीच यष्टीनं आली. गाठोड्यात एक लुगडं आणि कुंकवाचा करंडा, बाबा गेल्यापासून न उघडलेला. ताट वाढलं तर हात न लावता विचारलं, ही कुणाची चूल? मी आत जाऊन रडले. डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी झालंय.

न्यायला आलात तर दोघं एका गाडीनं या. एकेकटा येणार असाल तर मी दार उघडणार नाही.

आक्का

चाफेवाडी, ९ मार्च १९७७

ती. आक्कास नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून कुडावरनं गुंडूकडं दिलं. त्यानं वाचलं आणि तसंच परत दिलं.

मी सोमवारी सकाळच्या यष्टीनं येतो. गुंडू मंगळवारी येणार हाय, असं शालू आमच्या पोरीला म्हणाली.

दार उघड, आक्का.

आकाराम