मशीन वाचत नाही त्या ओळी

अण्णा, उसाच्या वजनकाट्यावरचं ते जुनं मशीन परवा काढलं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी ते चालू होतं. मी आता टिळकवाडीत राहते, बेळगावातल्या एका फर्ममध्ये नेटवर्कचं काम बघते. आपल्या साखर कारखान्यानं नवीन मशीन घेतलं आणि जुन्याची सेटिंगं उतरवून घ्यायला मला बोलावलं. तुमच्या जागी आलेल्या माणसानं खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "ह्यात काय हाय ते आमास्नी ठावं न्हाय. अण्णांनी लिवलंय, म्हणून कुनी हात लावला न्हाय."

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा कॉम्प्युटर विभागात मी एकटीच मुलगी होते आणि पहिले सहा महिने प्रोबेशनवर होते. नेटवर्कची फाईल बदलायची तुमची एक ठरलेली रीत होती. आधी जुन्या फाईलची तारीख घालून प्रत काढायची. मग दहा मिनिटांनी ती प्रत आपोआप परत बसेल, असा हुकूम मशीनला देऊन ठेवायचा. त्यानंतर बदल करायचा. जोडणी टिकली तर तो हुकूम रद्द करायचा. तुटली तर दहा मिनिटं गप्प बसायचं, मशीन स्वतःच जुन्या जागी येतं. आणि प्रत्येक बदलाखाली हॅशचं चिन्ह देऊन, इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ लिहायची: काय बदललं आणि का. हॅशपुढची ओळ मशीन वाचत नाही. "ती मागनं येणाऱ्या मानसासाठी," तुम्ही म्हणायचा. मला हे सगळं फार सावकाश वाटायचं. मी कॉलेजातून नुकतीच आले होते आणि माझा हात वेगानं चालायचा.

ऐन गाळपाच्या हंगामात, सकाळी अकराच्या सुमारास, हायवेकडच्या गेटवरच्या काट्याच्या मशीनचा नेटवर्कमधला पत्ता मी ऑफिसात बसून बदलला. प्रत काढली नाही, हुकूम ठेवला नाही. दोन मिनिटांचं काम होतं. नेटवर्क पुन्हा सुरू केलं आणि समोरचा पडदा थिजला. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातली होती. मशीन दोन किलोमीटरवर, त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही.

तुम्ही लगेच उठलात. स्कूटर काढलीत. मी मागे, मांडीवर मॉनिटर, बगलेत कीबोर्ड. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार हायवेपर्यंत गेलेली आहे आणि आपण तिच्या कडेनं चाललो आहोत. एक ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढतोय.

"काय अण्णा, कॉम्प्युटर झोपला व्हय? हितं आमचा ऊस वाळून वजन चाललंय की."

"झोपला न्हाय रं, रुसलाय. समजूत काढाय निघालोय."

"मग आक्कास्नी बसवा म्होरं. तुमचं तोंड बघून आनिक रुसंल."

तुम्ही हसलात. मी हसले नाही. काट्याच्या खोलीत तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत आणि उभं राहून जुन्या पत्त्याचे आकडे एकेक करून सांगितलेत, वही न बघता. एकदाही चुकला नाहीत. काटा चालू झाला, पहिला ट्रॅक्टर वर चढला, तेवढ्यात कारखान्याचे साहेब दारात आले. त्यांनी माझ्याकडे बघत कानडीत विचारलं, "यार माडिदरु?" कोणी केलं?

"नान री," तुम्ही म्हणालात. मी केलं.

साहेबांनी तुम्हाला त्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर सुनावलं. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला. मी पडद्याकडे बघत राहिले. माझे सहा महिने पूर्ण व्हायला तीन आठवडे राहिले होते. परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "परतायची सोय केल्याबिगार निघू नये गं."

त्यानंतर वर्षभर मी तिथं होते, पण त्या मशीनला हात लावला नाही. त्यामुळे ती फाईल मी परवा पहिल्यांदा पूर्ण वाचली. प्रिंटर का हलवला, केबल उंदरांनी कुठं कुरतडली, सगळं तुम्ही लिहून ठेवलंय. मधेच त्या दिवसाची तारीख होती आणि पुढे: 'पत्ता परत पहिल्यासारखा केला. चूक माझी. पोरीला कुणी बोलू नये.'

आज मी शेकडो मशीन सांभाळते. प्रत काढल्याशिवाय कशालाही हात लावत नाही, आणि हाताखालच्या मुलांना तुमची रीत शिकवते. कोणाची, ते सांगत नाही.

नव्या मशीनच्या फाईलमध्ये तुमच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या. त्या एका ओळीखाली माझी ओळ घातली: 'ती चूक त्यांची नव्हती, माझी होती.' खाली माझं नावही लिहिलं. दुरुस्ती केली खरी, अण्णा. पण ही फाईल तिथं कोणी उघडत नाही, हे मला लिहिताना माहीत होतं.