विंगेतला आवाज

१२ जानेवारी १९६४

गणपतीनंतर या वहीत एक अक्षर नाही. माफी मागतो. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, लिहायची हिंमत नव्हती. माझा आवाज गेला आहे.

बोलण्याचा नाही, तो खणखणीत आहे. गाण्याचा गेला. वरचा सा लावला की फाटतो. घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. "गाठी आहेत. नाटकात बोला, सिनेमात कामं करा, पेटी वाजवा. गाणं विसरा." विसरा म्हणजे? असं मी विचारलं. तर म्हणतात, "पदवीधर आहात ना? की याचाही अर्थ सांगू?"

सिनेमात मी खलनायक झालो, संत झालो, विनोदी नोकर झालो. लोकांनी सगळं गोड मानून घेतलं. पण नाटकाच्या जाहिरातीत आजही 'गायक नट गोपाळकृष्ण' असंच छापतात. त्यातलं 'गायक' काढलं तर उरतो तो कोण? सेहेचाळिसाव्या वर्षी हा प्रश्न!

१५ जानेवारी

अनंतराव येऊन गेले. नाटकमंडळी त्यांची, नाटक त्यांचं, त्यामुळे चहाही स्वतःच सांगतात. रविवारच्या प्रयोगाची तिकिटं संपली आहेत. त्यांनी तोड काढली आहे — ओठ मी हलवायचे, विंगेत माइकसमोर उभं राहून मकबूलनं गायचं.

मकबूल म्हणजे आमच्या ऑर्गनवाल्या अल्लाबक्षमियाँचा मुलगा. खडकीच्या कारखान्यात कारकून आहे. लहानपणापासून बापाच्या ऑर्गनला टेकून बसायचा, त्यामुळे माझी सगळी पदं तोंडपाठ. गळा असा, की ऐकताना आपण मान खाली घालावी. पण बोलताना अडखळतो. म्हणून रंगमंचावर कधी आलाच नाही. गाताना मात्र एक अक्षर अडत नाही.

"सिनेमात नाही का चालत हे?" — अनंतराव.

"तिथे लोकांना माहीत असतं."

"इथे नसेल. म्हणजे बरंच की!"

मी हो म्हणालो.

१६ जानेवारी

हो का म्हणालो, हे मंदाकिनीनं विचारलं नाही. बायको विचारत नाही तेव्हा जास्त टोचतं.

१८ जानेवारी

तालीम. मी जिथे श्वास घेत असे तिथेच मकबूल घेतो. ओठ जुळवायला मला काही कष्टच पडले नाहीत. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुला कसं वाटतं रे हे?"

"प... पदं तुमची आहेत, काका. मी फ... फक्त म्हणतो."

माझ्या पहिल्या सिनेमात मी दिसलो नव्हतो. एका देखण्या नायकाला आवाज दिला होता, पडद्यावरच्या नावांच्या पाटीत माझं नाव नाही; तेव्हा लोकांना ही युक्ती ठाऊक नव्हती. लष्कर भागातल्या थिएटरात जाऊन बघितला. शेजारचा गृहस्थ म्हणाला, "काय गातो हो हा पोरगा!" त्याचा दंड धरून हलवावा आणि सांगावं, असं झालं होतं.  घरी येऊन न जेवता झोपलो.

आज तो नायक मीच. तो निदान देखणा होता!

१९ जानेवारी, रविवार

प्रयोग झाला. आज लिहवत नाही.

२० जानेवारी

पहिला अंक सुरेख गेला. कोणाला शंकासुद्धा आली नाही, आणि (लिहायलाच हवं) मला बरं वाटलं! टाळ्या पडल्या तेव्हा त्या कोणाच्या, हे क्षणभर विसरलो.

दुसऱ्या अंकात माझा राजपुत्र राज्य सोडून निघतो, ते पद. संपताच वन्समोअर. अनंतरावांनी बजावलं होतं — वन्समोअर आला तर फक्त हात जोडायचे, घ्यायचा नाही. पण इतक्या वर्षांची सवय! 'वन्समोअर' कानावर आलं की पाय आपोआप पुढे येतात, ऑर्गनकडे मान हलते, आणि दुसऱ्यांदा नवी तान द्यायची असते. मान हलली. अल्लाबक्षमियाँनी सूर धरला. सूर धरला म्हणून विंगेत मकबूलनं सुरुवात केली. आणि मी — मी तोंड उघडून खरोखरच गायलो.

दोन आवाज. एक त्याचा, स्वच्छ. एक माझा, फाटका, भलत्याच तानेवर. मकबूल घाबरून थांबला, मग मीही थांबलो.  गॅलरीतून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "एका तिकिटात दोन गवई. वा! पैसे वसूल."

काय हसले लोक!

पडदा पडल्यावर मकबूल पाया पडायला आला. "च... चूक माझी, काका." त्याची कशी? अनंतराव म्हणाले, "साउंडवाल्याच्या माथी मारू. म्हणू, रेकॉर्ड लागली चुकून. रविवारी पुन्हा असंच करायचं, फक्त तुम्ही तोंडाला कुलूप लावा."

२१ जानेवारी

आज मंदाकिनी बोलली. भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

"अहो, परवा माझ्या शेजारी हुस्नबानू होत्या." हुस्नबानू म्हणजे मकबूलची आई. "त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या पदाला एकदम ताठ झाल्या. इकडे बघतात, तिकडे बघतात. मग तुमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अंक संपेपर्यंत."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पोरगं माझं, आणि लोकांचा आदाब दुसराच घेतोय."

मी उठून गॅलरीत गेलो. लोक हसले ते मी दोन दिवस उगाळत बसलो होतो. या बाईंचा विचार एकदाही आला नाही. भूमिकाच मकबूलला देऊन आपण बाजूला व्हावं म्हटलं, तर तेही सोपं नाही. संवाद त्याला जमणार नाहीत, पदं मला जमणार नाहीत. मी रंगमंचावरून उतरलो तर तोही विंगेतून सरळ घरी जाईल.

मग तिसरं काय?

२२ जानेवारी

अनंतरावांना सांगितलं — राजपुत्र मी बोलेन, पदाच्या वेळी गप्प उभा राहीन. पद मकबूल म्हणेल. विंगेत नाही. समोर, ऑर्गनशेजारी, उजेडात, लोकांकडे तोंड करून. वन्समोअर त्यानं घ्यायचा.

"लोक हसतील."

"हसू देत."

"जाहिरातीत काय छापू? तुमच्या नावापुढचं 'गायक' काढावं लागेल."

"काढा," म्हणालो. 

अल्लाबक्षमियाँ तिथेच होते. मग म्हणाले, "गोपाळराव, त्याच्याकडे लोकांसमोर बसण्याजोगे कपडे नाहीत."

उद्या — मकबूलला शिंप्याकडे नेणे. शेरवानी, त्याच्या मापाची.