उलट्या गाठी

४ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. मूग गिळून बसायची तुझी सवय जुनीच. वहिनी जेवते ना रे नीट?

मी शाळेत चित्रांचं प्रदर्शन भरवतेय. गेल्या महिन्यात इथल्या किनाऱ्याला जाळ्यात गुरफटून मेलेलं कासव लागलं. अख्खा वर्ग रडला. मग ठरलं, समुद्रात सुटलेली जाळी काय करतात ते चित्रांतून साऱ्या बंदराला दाखवायचं. ते जाळं वर्गातच टांगलंय, मुलं बघून काढतात.

सातवीतल्या एका मुलीचं चित्र सोबत पाठवते. हात सुरेख, पण गाठी बघ, सगळ्या उलट्या! जाळी विणणाऱ्याची लेक मी, मला कसं चालेल? खोड म्हटलं तर म्हणते कशी, बाई, दिसलं तसंच काढलंय. आता बोला!

माया आहेच, पण चार ओळींनी कळू दे.

तुझी धाकटी

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

चित्र खोडायला लावू नकोस. पोरीचं चुकलेलं नाही. उलटी गाठ मारणारा आपल्यात एकच, आपला डावऱ्या. बाबा सांगून थकले, पण माझा मुलगा उजव्या हाताने शिकेल तर शपथ.

आठ महिने झाले. होडी पालथी सापडली; तो नाही, जाळंही नाही. तुझी वहिनी अजून दाराला कडी घालू देत नाही. म्हणते, जाळं सापडलं नाही ना, मग दोघं मिळून कुठेतरी किनाऱ्याला लागले असतील. चित्र तिला दाखवलेलं नाही. जाळ्याच्या कोपऱ्याला त्याने तिच्या स्वेटरची हिरवी लोकर गुंडाळली होती. बघून कळव. नसली तर फार बरं होईल गं.

अडकलेलं कासव दिसलं की तो जाळं कापून सोडवायचा. मी ओरडायचो, जाळी काय झाडाला लागतात? आणि आता त्याच्याच जाळ्यात कासव मेलं.

दादा

१९ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

लोकर आहे. दोन पत्रं लिहून फाडली, शेवटी एवढंच लिहायचं होतं.

महिनाभर ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी पोरांच्या रेघा तपासत बसले, जाळ्याकडे धड पाहिलंच नाही. आणि म्हणे आत्या! त्या मुलीची वर्गासमोर माफी मागितली.

प्रदर्शन मार्चच्या पहिल्या रविवारी आहे. तू म्हणशील तर जाळं उतरवून पाठवते, नुसती चित्रं लावू. वहिनीला तूच सांग, जवळ बसून.

रागावू नकोस.

धाकटी

२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तिला सांगितलं. चित्र मांडीवर घेऊन तिने एकेका गाठीवरून बोट फिरवलं. म्हणाली, पोरीने नीट काढलंय. मग म्हणाली, जाळं तिथेच असू दे, आपला मुलगा ते का कापायचा हे लोकांना कळू दे.

मी रविवारी येतो. जाळ्याशेजारी उभा राहीन. बंदरावरची माणसं चित्रापुढून निघून जातील, माझ्यापुढून नाही जायची. हे माझ्या मुलाचं, म्हणून सांगेन. तो बरोबर होता, हेही सांगेन. लोकर तेवढी सोडवून ठेव, तिने मागितलीय.

काल दिवेलागणीला ती आपणहून उठली आणि दाराला कडी घातली.

दादा