मालतीबाई रस्त्यात उभ्या राहतात ते पान

८ जुलै
मालतीबाईंची चित्रं रंगवून संपली. शनिवार पेठेत आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. पायी चालतानाही डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी. उलट्या दिशेने येणाऱ्या गाड्यांपुढे रस्त्याच्या मधोमध उभ्या राहतात. मुलांसाठीच्या माझ्या पुस्तकातल्या आजी म्हणजे त्याच. चित्रं बराच वेळ बघितली, मग म्हणाल्या, "नाक माझंच आहे. हसू कुणाचं आणलंत?"
हसू पुसलं. संपादकीण शर्वरीला हे चालेल का, धाकधूक.

११ जुलै
चाललं. छपाईआधी मुलांना वाचून दाखवलं, हडपसरला शर्वरीच्या सोसायटीत. मुलं खूप हसली. आजी बसला मागे जायला लावतात त्या पानावर ईरा नावाची दुसरीतली मुलगी दोन्ही हात पसरून उभीच राहिली. येताना रिक्षावाल्यालाही गोष्ट सांगितली मी. इतकी खूश.

१३ जुलै
ईराच्या आईचा फोन. काल संध्याकाळी ईरा फाटकाबाहेर जाऊन रस्त्यात उभी राहिली. हात पसरून. मोटरसायकल घसरत येऊन आदळली. उजव्या हाताचं हाड मोडलंय, प्लॅस्टर. आई चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "ती विचारते, आजींसाठी थांबतात, मग माझ्यासाठी का नाही थांबले?"
शर्वरीला फोन केला.

१४ जुलै
शर्वरी म्हणते, आजींना फुटपाथवर आणू, खाली मुलांसाठी सूचना टाकू. काढून पाहिलं. बसची वाट बघणारी कुणीतरी बाई वाटते. पण पोरीचा हात... आणि मी चित्राचं काय घेऊन बसले आहे!

१६ जुलै
मा.बाईंना सांगितलं. दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. कोणता हात, एवढंच विचारलं. उजवा म्हटल्यावर, "म्हणजे लिहिणं बंद." मला दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

२० जुलै
मा.बाई बाहेर पडल्याच नाहीत. गल्लीत उलट्या गाड्या बिनधास्त. दूधवाला मला विचारतो, आजी आजारी आहेत का. एकीचा हात, दुसरीचं बाहेर पडणं. दोन्ही माझ्यामुळेच, असं सारखं मनात.
शेवटी त्यांच्याकडे गेले. पहिल्यांदाच हेल्मेटशिवाय पाहिलं. केस किती विरळ. माफी मागायला लागले तर थांबवलं.
"तुम्ही एक गोष्ट काढलीच नाहीत. दर वेळी माझे पाय लटपटतात. गाडी थांबेपर्यंत श्वास घेत नाही मी. चित्रात मी देवीसारखी उभी आहे. पोरीला वाटणारच, सोपं आहे."
वर्षभर रोज बघत होते. दिसलं नाही.

२३ जुलै
पान नव्याने काढलं. आजी रस्त्यातच. गुडघे वाकलेले, डोळे घट्ट मिटलेले, पदर मुठीत. बस फार मोठी, फार जवळ. शर्वरी म्हणते, मुलं घाबरतील. घाबरावीत ना? की अतीच झालंय? कळेनासं झालंय.

२५ जुलै
ईराच्या आईला विचारून हडपसरला गेले. पान दाखवलं. ईराने प्लॅस्टरचा हात बाजूला ठेवून डाव्या हाताने ते जवळ ओढलं. हसली नाही. बसवरून बोट फिरवलं, मग आजींच्या गुडघ्यांवरून.
"यांना पण भीती वाटते?"
हो म्हटलं.
"मग जातात कशाला?"
आई माझ्याकडे बघत होती. त्यांनाच विचारून सांगते म्हणाले.
परत येताना मा.बाईंकडे गेले. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, आत्ताच हेल्मेट घालून बाहेर पडल्या. कुठल्या बाजूला, ते त्यांनी पाहिलं नाही.