आमच्या पुढच्या खोलीचं बुकिंग

५ नोव्हेंबर, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. महागाव स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होतो, शिस्त अंगात भिनलीय. तांड्यातल्या बायकांच्या गटाने पर्यटन काढलंय. शहरातल्या पाहुण्यांनी घराघरांत राहायचं, भाकरी खायची, कशिदा शिकायचा. अध्यक्ष ठरायचाय. म्हणजे मीच. दोनदा नाही म्हणायचं, मग हो.

६ नोव्हेंबर
अध्यक्ष भुरीबाई. तिला भाषण येत नाही. महिन्याभरात माझ्याकडे येईल.
सचिव आमची बायको, रुपीबाई. हे मला रामलाल ऑटोवाल्याकडून कळलं.

९ नोव्हेंबर, रविवार
गटाने बोलावलं! सरावासाठी पाहुणा हवा होता. भुरीबाई म्हणाली, भाऊ, तुमच्यावानी नावं ठेवनारा तांड्यात दुसरा नाही. अनुभवाची कदर झाली. मुक्काम आमच्याच पुढच्या खोलीत, माझ्याच दिवाणावर. कशिद्याची चादर. रुपीबाईने पाय धुवायला पाणी दिलं, एकेक भाकरी तव्यावरून ताटात. लग्नानंतर प्रथमच. सतरा चुका लिहून दिल्या. फार बरं वाटलं.

१० नोव्हेंबर
चादर पेटीत. भाकरी टोपलीत, गार. रुपीबाई म्हणाली, सराव संपला.

६ डिसेंबर
नागपूरचं जोडपं आलं. पुढची खोली त्यांना. मी मागे बैलांच्या कोठ्यात, दोनच रात्री. तांड्याचा इतिहास सांगायला घेतला. प्रस्तावनेतच ते रामलालच्या ऑटोतून तळं बघायला गेले. लोकांना ऐकायची सवय नाही.

२१ डिसेंबर
अजून कोठ्यातच. हे फॅड संक्रांतीपर्यंत बंद पडणार. तशी लक्षणं: रामलालने ऑटोला नव्या सीटा टाकल्या. किराणावाला किसनराव कशिद्याचा दोरा पोत्याने आणतो. गटाच्या पैशातून हातपंप दुरुस्त झाला. ऊसतोडीला जाणारी चार घरं यंदा गेलीच नाहीत. रुपीबाईने मिक्सर घेतला, मला न विचारता. मी विचारलं, घर कुणाचं? म्हणाली, घर तुमचंच हाये, खोली गटाची हाये.

११ जानेवारी, दुपारी ३
पांढरा बैल रात्रभर घोरतो. आज ठणकावलं, मला माझी खोली पाहिजे. रुपीबाईने चष्मा लावून वही काढली, रकान्यांवरून बोट फिरवलं. स्टँडवर मीही असंच फिरवायचो. होळीपर्यंत फुल्ल.
त्या भाकरीची फार आठवण येते. हे तिला बोललो नाही.

१२ जानेवारी
भुरीबाईला भेटून नियमातून सूट मागितली. नियम मीच सुचवल्याचं तिने दाखवलं. चूक क्रमांक अकरा: ओळखीच्यांना आधी जागा देऊ नये.
रुपीबाईकडे गेलो. आधी दोन पुण्याचे होते, ते झाल्यावर माझा नंबर. एक जण, एक मुक्काम, ६ मार्च. पैसे आगाऊ. मुक्काम अर्थात तपासणीसाठीच. भाकरी गरम मिळेल ना, एवढं विचारलं. म्हणाली, सगळ्याच पाव्हन्यांले भेटते.
छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. आज वहीत लिहिलं आणि पडताळणीसाठी मोठ्याने वाचलं: बाबूसिंग राठोड, एक.