समुद्र पश्चिमेला ना?

१२ जून
आमच्या साहेब नीलमताईंनी पुन्हा झापलं! "उन्मेष, एका प्रश्नाला चार ओळी. गप्पा नाहीत." चेन्नईतल्या अड्यारच्या या ऑफिसात आम्ही महाराष्ट्रातल्या दहावीवाल्यांच्या शंकांना ॲपवर उत्तरं देतो – आकाश निळं का, कवीला काय म्हणायचंय. ते मलाही कळत नाही. लिहितो!

आज हर्णैची कुणी शैला. ‘शास्त्रीय कारण लिहा: दुपारी वारा समुद्राकडून का येतो?’ पाहिल्याशिवाय कसं लिहायचं? जेवणाच्या सुट्टीत किनाऱ्यावर गेलो. सुंडल – खोबरं घातलेले उकडलेले चणे – खाल्लं, पतंगवाल्याशी हुज्जत घातली, दोन तास गेले. पण वारा आला! लिहिलं – जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, मग समुद्रावरची गार हवा पूर्वेकडून आत येते.

१३ जून
"सर, समुद्र पश्चिमेला ना? आमचा तरी."
मेलो! कबूल केलं, मी चेन्नईत आहे. लगेच – "म्हणजे तुमच्याकडे सूर्य समुद्रातून वर येतो? फोटो पाठवा की!"

१४ जून
पहाटे तिरुवल्लिकेणीतल्या माझ्या खोलीवरून चालत मरीना किनाऱ्यावर. फोटो पाठवला.

१९ जून
शैला शाळकरी पोर नाही! एकोणचाळीस वर्षांच्या बाई. शाळेत झाडलोट करतात. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसल्या, मार्चमध्ये विज्ञान आणि मराठी राहिलं. जुलैत पुन्हा बसणार. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचराची जागा निघालीय, दहावी पाहिजे. "परीक्षानळ्या रोज मीच धुते हो सर. आत काय होतं तेवढं कळत नाही."
चार ओळी गेल्या उडत! आता शैलाताई म्हणतो.

२३ जून
रसग्रहण. म्हटलं, कविता वाचून काय वाटलं ते लिहा. "वाटलेलं लिहिलं तर मार्क देतात?"
देतात, म्हणालो. देत असतील.

१ जुलै
"सर, तुम्ही किती शिकलात?" खरं सांगितलं. बारावीचा फॉर्म भरायला निघालो, वाटेत मित्र भेटला, त्याच्या मोटरसायकलवर गोकर्णला गेलो. कॉलेजात परत गेलोच नाही.
उद्या त्यांचा विज्ञानाचा पेपर – आजच कशाला बोललो!

२ जुलै
काम सुचत नाही. चुकीचं तर काही शिकवलं नाही ना?

२९ जुलै
पास!! विज्ञान शेहेचाळीस, मराठी पंचावन्न. "वाऱ्याचं कारण आलं होतं. दिशा लिहिली नाही – तपासणारे कुठल्या किनाऱ्याचे, कोण जाणे."
नीलमताईंना दाखवलं. चष्मा पुसत बसल्या. झापलं नाही.
शैलाताईंच्या निरोपाखाली आणखी एक ओळ होती – "१७ नंबरचा फॉर्म बारावीलाही असतो, उन्मेष."
‘सर’ गेलं! बरं वाटलं.

६ ऑगस्ट
फॉर्म भरला. केंद्र – हर्णैजवळचं दापोली. शैलाताई म्हणतात, "पेपर सुटेपर्यंत फाटकाशी उभी राहीन. पळून दाखव!"